कोलशेतच्या खाडीत सकर मासा आला कुठून?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारची गोष्ट. तीन दिवस पाऊस कोसळत होता, खाडीचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि चवीला जवळजवळ गोडं. माझे मामा कोलशेतला राहतात. सत्तरी ओलांडली तरी ओहोटी बघून पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायला जातात. मी सोबत होतो. पाग ओढला तर चार-पाच बोय, दोन चिंबोऱ्या आणि एक काळा खरबरीत मासा, वीतभराहून मोठा. अंगावर चिलखतासारख्या पट्ट्या, तोंड खालच्या बाजूला आणि गोल, पोटावर नागमोडी नक्षी. पंखांचे काटे जाळ्यात असे रुतले होते की मामांनी शेवटी कोयती घेऊन जाळ्याचे सहा आस (डोळे) कापले. बराच वेळ मासा हातात फिरवून म्हणाले, "पन्नास वरसं पाग मारतो, यो आपले खाडीचा नाय."

घरी मुलीने फोटो पाहिला आणि लगेच ओळखला. तिच्या मैत्रिणीकडे काचेच्या टाकीत हाच आहे म्हणे.

माझा प्रश्न असा की वर्षाचे आठ महिने खारट असणाऱ्या खाडीत हा आला कुठून? उल्हास नदीतून वाहत, की ठाण्यातल्या एखाद्या तलावातून नाल्याने? आणि इथून पुढे कुठे जाईल?

कळव्याचा_नितीन

सकर मासा. दुकानात 'टँक क्लीनर' म्हणून दोन इंचांचा मिळतो, काचेवरचं शेवाळ खातो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दुकानदार कधीच सांगत नाही की तो दीड फुटांपर्यंत वाढतो. टाकी छोटी पडायला लागली की लोक मारायला धजावत नाहीत आणि पुण्याचं काम म्हणून जवळच्या तलावात सोडून येतात.

भीमाकाठ

मी राहायला ऐरोलीत, गाव इंदापूरकडचं. उजनीच्या पाण्यात हा कधीचाच आलाय, आमच्याकडे त्याला 'हेलिकॉप्टर' म्हणतात. जाळ्यात दहा-पंधरा हेलिकॉप्टर आले की त्या दिवशीची कमाई जाळं शिवण्यात जाते. बाजारात कुणी विचारत नाही. काठावर फेकले तरी तासन् तास तग धरतात, मरत नाहीत. नर काठाच्या मातीत हातभर बीळ करून अंडी राखतो. पाणी उतरलं की काठ चाळणीसारखा दिसतो.

चिलापीची, म्हणजे टिलापियाची गोष्ट तर आणखी जुनी. आमचे आजोबा सांगायचे की त्यांच्या तरुणपणी नदीत हा मासा नव्हताच.

सह्याद्रीचे_पाणी

प्रश्न फार चांगला आहे. मी ठाण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नदीचं जाळं झाडासारखं असतं. एका फांदीवरच्या मुंगीला शेजारच्या फांदीवर जायचं तर बेचक्यापर्यंत उतरून पुन्हा चढावं लागतं. माशाचंही तसंच. बारवीतल्या माशाला भातसात जायचं असेल तर बारवीतून उल्हासात, उल्हासातून खाली काळूच्या संगमापर्यंत, तिथून काळूत वर, मग भातसाच्या संगमातून आणखी वर. शेवटी समोर धरणाची भिंत. म्हणून परका मासा एका ठिकाणी सुटला की खालच्या अंगाला झपाट्याने जातो, पुरात तर एका रात्रीत कित्येक किलोमीटर. वर चढणं सावकाश आणि जागोजागी अडतं.

दुसरी अडचण मिठाची. आपल्या पश्चिमवाहिनी नद्या आखूड आहेत आणि प्रत्येकीचं मुख वेगळं. उल्हास आणि वैतरणा या वसई-विरारच्या दोन बाजूंना समुद्राला मिळतात, पण गोड्या पाण्यातल्या माशासाठी मधलं खारं पाणी ही भिंतच. त्या भिंतीमुळेच सह्याद्रीच्या एकेका नदीत इतरत्र कुठेच नसलेले मासे टिकून राहिले.

पावसाळ्यात मात्र ही भिंत पातळ होते. गोडं पाणी हलकं असतं, ते खाडीच्या वरच्या थरात दूरवर पसरतं. सकर मासा मचूळ पाणी काही दिवस सहन करतो. म्हणजे कोलशेतला तो उल्हासातूनही येऊ शकतो आणि ठाण्यातल्या नाल्यातूनही. दोन्ही वाटा उघड्या आहेत.

टिलापियाला तर ही भिंतच नाही. मोझांबिक टिलापिया भारतात १९५२ साली श्रीलंकेतून आणला. तो समुद्राच्या पाण्यातही जगतो. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात बाळगते, त्यामुळे तोंड भरलेली एकच मादी नव्या नाल्यात पोहोचली तरी वसाहत उभी राहते.

मुरबाडकर

सर, एक सांगू का, मासा वर चढत नाही असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही. पहिला दणका पाऊस झाला की वलगण लागते. मासे नदी सोडून ओढ्यात, ओढ्यातून बांधावरून थेट भातखाचरात चढतात. पोटं अंड्यांनी टच्च भरलेली. लहानपणी बाबांबरोबर कंदील आणि टोपली घेऊन निघायचो. खाचराच्या तोंडाशी घोट्याएवढं पाणी, आणि त्यातून अंगठ्याएवढे मासे एकामागून एक उड्या मारत वर येतायत. पाय ठेवायला जागा नसायची.

आता वलगणीला गेलं की मळवे, मुऱ्या हे आपले मासे कमी आणि मिशावाला लांबडा आफ्रिकी मांगूर जास्त. तोही त्याच वाटेने चढतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या खाचरात हाताएवढा एक सापडला. त्याच्या पोटातून निघाल्या सात मुऱ्या, अंडी टाकायला चढलेल्या.

सह्याद्रीचे_पाणी

@मुरबाडकर, तुमची दुरुस्ती मान्य. वलगणीच्या त्या चार-सहा रात्री जाळ्याच्या सगळ्या फांद्या एकदम जोडल्या जातात. एरवी ज्या शेततळ्याचा नदीशी काही संबंध नसतो ते तळंही तेव्हा नदीचा भाग होतं. खरा प्रसार त्याच रात्रींत होतो.

नेरुळची_मीना

बाप रे, मुऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. माझ्या घरच्या टाकीत सकर आहे, आता फूटभर झालाय. मुलगा म्हणतोय की नेरुळच्या होल्डिंग पाँडमध्ये (पावसाचं पाणी साठवायचं तळं) सोडूया, तिथे मोकळा राहील. काय करू?

कळव्याचा_नितीन

मीनाताई, सोडू नका!! दुकानवाले परत घेतात का, फोन करून विचारा.

खाडीकाठ

कृपा करून सोडू नका.

पामबीच

मीनाताई, होल्डिंग पाँडला खाडीच्या बाजूने झडपेची दारं असतात. भरतीला पाण्याच्या दाबाने दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलत उघडतं. शहर समुद्रसपाटीच्या आसपास असल्यामुळे ही सोय केली. म्हणजे तळ्यात सोडलेलं जे काही असेल त्याच्यासाठी ओहोटीला दिवसातून दोनदा दार उघडतं, थेट ठाणे खाडीत. खाडीचा मोठा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

पडघेकर

मांगूरबद्दल थोडं. भिवंडी-पडघा पट्ट्यात पूर्वी आफ्रिकी मांगूरची तळी होती. कोंबड्यांच्या दुकानांतला कचरा टाकला की मासा वाढतो, खर्च जवळजवळ शून्य. तळ्याला ना बांध, ना जाळी. पूर आला की अर्धा माल ओढ्यात. मालकाचं नुकसान व्हायचं, पण चार महिन्यांत तो पुन्हा तळं भरायचा. ओढ्यात गेलेला मासा मात्र परत येत नव्हता.

या माशाला गिल्सच्या वरच्या बाजूला हवेतून श्वास घेण्याचा अवयव असतो. ओल्या जमिनीवर पुढच्या पंखांचे काटे रोवत सरपटत तो एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातो. मी डोळ्यांनी पाहिलंय, रात्री डांबरी रस्ता ओलांडताना.

या मांगूरवरची बंदी २००० साली हरित लवादाने घातली असं सगळीकडे फिरतं. ते चूक आहे, लवादच २०१० साली स्थापन झाला. बंदी केंद्र सरकारची, १९९०च्या दशकाच्या अखेरीची. लवादाने पुढे तळी नष्ट करायचे आदेश दिले, त्यानंतर आपल्या जिल्ह्यातही कारवाया झाल्या.

आणि आपला देशी मागूर वेगळा, त्याला यात गोवू नका. तो बिचारा दिसेनासा झालाय.

सुगंधा_घणसोली

मी थोडी वेगळी बाजू मांडते. आईने तीस वर्षं बाजारात मासळी विकून आम्हाला वाढवलं. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात, पापलेट-सुरमईचे भाव ऐकूनच गिऱ्हाईक पुढे जातं. तेव्हा टिलापियानेच आमची टोपली रिकामी व्हायची. काट्याला सोपा, मुलं खातात, पन्नास-साठ रुपयांत चौघांचं कालवण व्हायचं. त्याला नुसता राक्षस म्हणू नका. ज्या खाडीत कारखान्यांच्या पाण्याने दुसरं काही उरलं नाही, तिथे तोच एक जगला.

सह्याद्रीचे_पाणी

सुगंधाताई, तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. शेवटच्या वाक्यात तर तुम्ही अर्धं शास्त्र सांगितलंत. वालधुनीसारख्या नदीत प्राणवायू इतका घसरतो की स्थानिक मासे गुदमरतात. मांगूर वरची हवा पितो, टिलापिया कमी प्राणवायूवर निभावतो. घर आम्ही आधीच रिकामं केलेलं असतं, मग पाहुणा येऊन बसतो. म्हणून टिलापिया पकडा, विका, खा. जिथे नाही तिथे फक्त नेऊन सोडू नका.

भीमाकाठ

सुगंधाताईंना माझंही अनुमोदन. उजनीवरची कितीतरी घरं चिलापीवर चालतात. पण त्याच घरांतले म्हातारे सांगतील की पूर्वी जाळ्यात दहा-बारा जातींचे मासे यायचे.

माशांचा_कट्टा

विषय थोडा बाजूला नेतो, पण रोहू-कटला तरी आपले कुठे आहेत? गंगेच्या खोऱ्यातले. माणसाने आणून सह्याद्रीच्या धरणांत सोडले. आपण तर त्यांना गावठी म्हणून जास्त भाव देतो.

मुरबाडकर

हे मात्र खरं! आणि बीज आणतानाच घोळ होतो. आमच्या सहकारी संस्थेने एकदा बोटुकली आणली, पिशवीवर कटला-रोहू-मृगळ. तळ्यात सोडायच्या आधी मी बादलीत ओतून पाहिली तर बोटभर पिल्लांत आडवे पट्टे असलेली टिलापियाची पिल्लं वळवळत होती. शंभरात आठ-दहा तरी असतील. निवडत कोण बसणार? संध्याकाळ होत आली होती, पिशव्यांतला ऑक्सिजन संपत होता, सोडली. ती बोटुकली मी स्वतःच्या हाताने ओतली, हे अजून मनात राहिलंय.

सह्याद्रीचे_पाणी

@मुरबाडकर, मनाला लावून घेऊ नका. पण जे सांगितलंत ते सोन्यासारखं आहे, कारण परके मासे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात बहुतेक असेच जातात. पोहत नाही, पिशवीतून. पोहून जाणारा मासा संगम शोधतो. पिशवीतला मासा टेम्पोने डोंगर ओलांडतो आणि थेट झाडाच्या शेंड्याला उतरतो. तिथून खालची सगळी नदी त्याला मोकळी.

हिमाचलच्या गोविंदसागरात १९७१ साली पुराने एक मत्स्यबीज केंद्र फुटलं आणि चंदेरी कार्प जलाशयात शिरला. पुढच्या काही वर्षांत तिथल्या मासेमारीत तोच मुख्य झाला, कटला मागे पडला. केरळात २०१८च्या महापुरानंतर चालकुडी नदीत अरापैमा सापडला, ॲमेझॉनचा अवाढव्य मासा. कुणाच्या तरी तळ्यातून निसटलेला.

जुना_अभियंता

मी आयुष्यभर पाण्याच्या कामात होतो. इथे अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, खोरी टेम्पोनेच जोडली जातात असं नाही.

उन्हाळ्यात बदलापूर बंधाऱ्याशी उल्हास वाहती दिसते, ते पाणी कुठलं? बरंचसं भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं. ते केंद्र १९२२ पासून चालू आहे. घाटावर आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. ती नदी मुळात इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जायचं पाणी आपण बोगद्यातून वळवून, नळांतून कडा उतरवून कोकणात आणलं. खोपोलीचं केंद्र त्याहून जुनं, १९१५चं, त्याचं पाणी पाताळगंगेला मिळतं. पनवेल परिसरातल्या कितीतरी घरांचे नळ त्यावर आहेत.

त्या दाबातून आणि चक्रातून मोठा मासा जिवंत उतरत नाही. तरी नकाशावर पाहा, उजनीचं खोरं आणि कोलशेतची खाडी शंभर वर्षांपासून एका पाण्याने जोडलेली आहेत. भीमाकाठ, तुमचा गाव आणि खाडीकाठांच्या मामांचा पाग यांच्यात तुम्हाला वाटतं त्याहून कमी अंतर आहे.

भीमाकाठ

काका, अंगावर काटा आला. हे मला आजवर माहीत नव्हतं.

सह्याद्रीचे_पाणी

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. शिकागोचं सांडपाणी वळवायला १९०० साली कालवा काढला आणि पंचमहासरोवरं मिसिसिपीला जोडली गेली. पुढे मिसिसिपीत चंदेरी कार्प सुटला, तो कालव्याकडे सरकायला लागला. आता २००२ पासून त्या कालव्यात विजेचा अडसर आहे, पाण्यात सतत प्रवाह सोडून मासा मागे फिरवतात. शंभर वर्षांपूर्वी उघडलेलं दार राखायला रोज वीज जाळावी लागते.

निवृत्त_हिवताप_कर्मचारी

आमच्या खात्यानेही मासे सोडले, ते सांगणं माझं कर्तव्य. विहिरी, बांधकामाच्या टाक्या, कारंजी यांत डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे. तसाच अळ्या खाणारा गंबुशिया मासा भारतात १९२८ साली आला, गप्पी त्याआधीच. सूचना एकच असायची, बंद पाण्यातच सोडायचे. आम्ही पाळायचो. पण वाटप करून वळलो की पोरं बाटलीत भरून घ्यायची आणि दोन दिवसांनी तीच बाटली नाल्यात. गप्पीची मादी नराचं बीज महिनोन् महिने पोटात साठवते, एकटी गेली तरी पिल्लं होतात.

आपल्या नाल्या-विहिरींत अळ्या खाणारा देशी मासा होताच. बोटाएवढा, पाण्याच्या अगदी वरच्या थरात तरंगणारा, डोक्यावर चांदीचा ठिपका. वरून पाहिलं की तो ठिपकाच आधी दिसतो. घोडबंदरच्या जुन्या विहिरींत मी शेवटचे पाहिले.

आईचा_स्वयंपाक

धाग्यात वलगणीचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. आमच्याकडे वलगणीच्या छोट्या माशांचं कालवण आंबोशी घालून, वाटण अजिबात नाही, फक्त लसूण, हळद, मिरची. वर तांदळाची भाकरी. आता तेवढे मासेच मिळत नाहीत.

मुरबाडकर

आंबोशी नसेल तर कोकम. पण ढवळायचं नाही, भांडं धरून हलवायचं, नाहीतर माशांचा चुरा होतो.

नेरुळची_मीना

सर्वांचे आभार. नितीन यांनी सांगितल्याप्रमाणे दोन दुकानांत फोन केले. पहिल्याने नकार दिला. दुसऱ्याने मोठ्या टाकीसाठी घेतला. मुलाला होल्डिंग पाँडच्या दारांबद्दल सांगितलं, आम्ही ओहोटीच्या वेळी जाऊन पाहून आलो. पाणी खरंच एका दमात बाहेर जातं. तो बराच वेळ कठड्याला धरून बघत उभा होता, मग म्हणाला, "बरं झालं नाही सोडला."

खाडीकाठ

मूळ प्रश्नाकडे परत येतो. दोन रविवार मी आणि मामा त्याच जागेच्या आसपास हिंडलो. खाडीला मिळणारा नाला धरून वर गेलो तर तो आमच्या भागातल्या एका तलावाच्या सांडव्याशी निघाला. काठावर दोन मुलं गळ टाकून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "काका, इथे काळे मासे खूप आहेत, पण गळाला लागत नाहीत, भिंतीला चिकटून बसतात." वाकून पाहिलं. पायऱ्यांच्या दगडावर, पाण्याखाली हातभर, तीन सकर एकाशेजारी एक चिकटलेले. म्हणजे एक वाट सापडली.

मामांनी पागात आलेला तो मासा फेकला नव्हता. वाळवून जाळ्यांच्या खोपीबाहेर खिळ्याला लावलाय. येणारा-जाणारा थांबून बघतो. आतापर्यंत तिघांनी सांगितलं, "आमालापन घावलाय." एक बाळकुमचा, दोघे पलीकडच्या काल्हेरचे. काल्हेरच्या बाजूला तर हा नाला येत नाही, तिथे तो उल्हासातूनच उतरला असणार. सर म्हणाले तसं, दोन्ही वाटा उघड्या आहेत.

मुलीने उल्हासाचा नकाशा मोठ्या कागदावर काढलाय, बदलापूरपासून खाडीच्या तोंडापर्यंत. त्यावर चार टिंबं झाली. तुम्हाला कुठे सकर घावला असेल तर जागा आणि महिना इथेच लिहा, ती टिंब देईल.

मुरबाडकर

रायते पुलाखाली, मागच्या सप्टेंबरात. एक. गळाला नाही, भावाच्या जाळ्यात.

पडघेकर

काळूत, टिटवाळ्याच्या वरच्या अंगाला. मे महिना, पाणी आटलं होतं तेव्हा. दोन मोठे, एक पिल्लू.

सह्याद्रीचे_पाणी

@पडघेकर, पिल्लू नक्की होतं का? लांबी साधारण किती? म्हणजे तिथे त्यांची वीण होतेय.

पडघेकर

करंगळीएवढं, सर. फोटो आहे, रात्री टाकतो.